आईने फोटो बघून "हाच तो" म्हटलं, आता शिनाख्त परेडला (ओळख परेडला) बोलावलंय. काय करावं?

पोहेजलेबी:
नमस्कार मंडळी. इंदूरचाच आहे, आईबाबा इथेच असतात, मी पण सध्या घरूनच काम करतोय. कायद्याचं ज्ञान शून्य. कोणी वकील किंवा कोर्टकचेरीतलं असेल तर प्लीज सांगा.

झालं असं की नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई सकाळी फिरायला गेली होती, पावणेसहाची वेळ, उजाडायचं होतं अजून. बागेच्या मागच्या गल्लीत मागून बाइक आली, दोघं होते, मागे बसलेल्याने मंगळसूत्र ओढलं, आई पडली, गुडघा फुटला, मानेवर हा एवढा वळ. चालवणाऱ्याने हेल्मेट घातलं होतं, मागच्याने नव्हतं, आणि ओढताना तो वळला तेव्हा आईने त्याला बघितलं. किती वेळ, तर तिच्याच शब्दात "चार सेकंद असेल नसेल". त्याच दिवशी थान्यात रिपोर्ट लिहिताना तिने सांगितलं की वीस-बावीसचा पोरगा, सावळा, बारीक. बस. मी शेजारीच बसलो होतो म्हणून पक्कं माहितीये.

तीन आठवड्यांनी थान्यातून हवालदार घरी आला, मोबाइलवर एका मुलाचा फोटो दाखवला, एकच फोटो, आणि विचारलं "माताजी, यही है ना?" आईने आधी चष्मा शोधला, मग बघून म्हणाली "असाच होता... हो, हाच वाटतो". हवालदार खूश. म्हणे बहुत बढ़िया माताजी, इसने तो और भी कबूल किए हैं. चहा पिऊन गेला.

आता माझा प्रॉब्लेम असा की तेव्हापासून आईची गोष्ट बदलत चाललीये. पहिले काही दिवस "वाटतो" होतं. मग मावशीला फोनवर "हाच होता". परवा भिशीत तर "मी त्याला हजारात ओळखेन, मेल्याच्या डोळ्याखाली तीळ होता". तीळ! रिपोर्टात तिळाचा ति पण नव्हता. तीळ त्या मोबाइलमधल्या फोटोत आहे, मी बघितलाय. आणि आई खोटं बोलत नाहीये हे मी शपथेवर सांगतो, भाजीवाल्याने दोन रुपये जास्त दिले तर परत जाऊन देऊन येणारी बाई आहे. तिला आता खरंच तो तीळ त्या पहाटेचा म्हणून आठवतो.

पुढच्या शनिवारी शिनाख्तीला बोलावलंय. बाबा म्हणतात तू मध्ये पडू नको, पोलिसांनी धरलाय म्हणजे काहीतरी असेलच. असेलही. पण नसला तर? आणि आई आता "मला नक्की नाही" म्हणाली तर तिच्यावरच उलटी केस होते का?

सराफावाला:
भिया, जास्त विचार करून राहिले तुम्ही. आमच्या दुकानात ६ वर्षांपूर्वी दोन बायका आल्या, अंगठ्या दाखवा म्हणाल्या आणि ट्रेमधली एक बदलून गेल्या. माझ्या काकांनी महिन्याभराने त्यातल्या एकीला भर बाजारात ओळखलं, बरोबर निघाली, अंगठी पण मिळाली. माणसाचा चेहरा लक्षात राहतो हो, विशेषतः ज्याने आपलं नुकसान केलंय त्याचा तर मरेपर्यंत राहतो. साक्षीदारच असे डळमळायला लागले तर चोरांना रान मोकळं. आधीच चालान म्हणजे आरोपपत्र होतं, पेश्या म्हणजे कोर्टाच्या तारखा पडतात, पाच वर्षांनी सुटून परत गल्लीत फिरतात. आईंना म्हणावं देवाचं नाव घेऊन जा आणि सांगून या.

वकीलीणबाई:
पोहेजलेबी, जिल्हा कोर्टात १४ वर्षं क्रिमिनलच करतेय, म्हणून जरा सविस्तर.

आधी तुमची भीती काढून टाकते. "मला नक्की सांगता येत नाही" असं म्हटल्याने कोणावर केस होत नाही. खोटी साक्ष म्हणजे जे खोटं आहे असं स्वतःला माहितीये किंवा जे खरं वाटत नाही ते शपथेवर सांगणं. खरं म्हणजे आईंना आतून शंका असताना "शंभर टक्के हाच" म्हणणं जास्त अवघड जागेचं आहे. फार तर सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीने त्यांना होस्टाइल, म्हणजे फितूर साक्षीदार म्हणून उलटे प्रश्न विचारतील. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्याने आभाळ कोसळत नाही.

दुसरं, हवालदार म्हणाला ना की मुलाने कबूल केलंय, त्याला कोर्टात किंमत नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे इंग्रजांच्या १८७२ च्या कायद्यापासून आहे आणि १ जुलै २०२४ ला नवीन साक्ष्य अधिनियम आला त्यातही तसंच ठेवलंय. आईंच्या कानावर ते घालायलाच नको होतं. फोटो तर त्याहून नको. परेडच्या आधी साक्षीदाराला संशयित दाखवला, थान्यात दाखवा, फोटोत दाखवा, पेपरात दाखवा, की परेडची किंमत जाते. सुप्रीम कोर्टाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय, २०२२ च्या गिरीशन नायर विरुद्ध केरळ या निकालात याच मुद्द्यावर अख्खी शिनाख्त बाजूला ठेवली. म्हणूनच पकडलेल्याला बापर्दा, म्हणजे तोंड झाकून न्यायचं असतं. तुम्ही पाहिलं असेल पेपरातल्या फोटोत काळी थैली घातलेले. ती कोणाची अब्रू वाचवायला नसते.

आता मला सांगा, उजेड किती होता? अंतर? आणि फिरायला जाताना आईंनी चष्मा घातला होता का? हे तीन प्रश्न उद्या मुलाचा वकील विचारणार, त्यापेक्षा तुम्ही आज विचारलेले बरे.

पोहेजलेबी:
ताई, खूप खूप आभार. उजेडाचं म्हणाल तर खांब आहे पण साधारण पंधरा-वीस पावलांवर आणि मध्ये गुलमोहराचं झाड. अंतर काय, हातभर. चष्म्याचं मी काल सहज विचारलं तर म्हणाली "थंडीत मफलर बांधला की काचेवर वाफ येते म्हणून मी खिशातच ठेवते". मग एकदम गप्प झाली आणि म्हणाली "पण जवळून होता तो". जवळचा नंबर आहे का लांबचा हे विचारायची माझी हिंमत नाही झाली. दोन्ही आहेत खरं तर.

निवृत्तनायब:
मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो, माळव्यातच नोकरी गेली. आमच्याकडे एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेटच्या नात्याने शिनाख्ती आम्हालाच कराव्या लागायच्या. त्यामुळे आतली गोष्ट सांगतो, पुस्तकातली नाही.

पद्धत अशी की संशयिताबरोबर त्याच्याच वयाचे, अंगलटीचे आठ-दहा लोक उभे करायचे. त्याला विचारायचं, तुला कुठे उभं राहायचंय ते तू ठरव. चेहऱ्यावर खूण असेल, जखम, मस, तीळ, तर त्या जागी कागदाची चिकटपट्टी लावायची, आणि एकट्याला नाही, सगळ्यांना लावायची. तुझ्या आईच्या केसमध्ये तो तीळ झाकला जाईल बघ. पोलीसवाला आत नको, दिसायच्या अंतरावर पण नको. साक्षीदार एकेक करून येणार, ज्याला ओळखलं त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा. मग मेमो, म्हणजे परेडमध्ये काय झालं त्याची नोंद, लिहायचा, सह्या.

आता खरं. आठ-दहा सारखे लोक मिळायचे कुठून? जेलमध्ये शिनाख्त असली की जेलरला सांगायचं, भाई दहा पोरं दे वीस-बावीसची. तो देणार त्याच्याकडे जे असतील ते. एकदा तर एका टकल्या माणसाबरोबर सगळे केसवाले उभे केले होते, मी म्हटलं सगळ्यांना टॉवेल गुंडाळा डोक्याला. हसू येतं आता, पण तेव्हा मीच सुचवलं म्हणून झालं, नाहीतर तसंच उरकलं असतं.

आणि एक गोष्ट मला नोकरीत उशिरा कळली. साक्षीदार रांगेकडे कमी बघतात आणि माझ्या तोंडाकडे जास्त. खरंच सांगतो. रांगेसमोरून चालत येणार, एकापाशी थांबणार, आणि वळून माझ्याकडे बघणार, जसं पोरगं गणिताचं उत्तर लिहून मास्तरकडे बघतं. मला माहीत असायचं ना संशयित कोण ते. माझी भुवई हलली असेल का कधी? हलली असेल. शेवटची काही वर्षं मी भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो. शिपाई हसायचे, साहेब रुसलेत म्हणून.

अदितीएस:
नायब काका, तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत ना, अगदी तेच अमेरिकेत आता काही राज्यांत नियम म्हणून आहे! मी सायकॉलॉजी शिकवते कॉलेजात आणि हा माझा अगदी आवडीचा विषय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या. न्यू जर्सी राज्याने २००१ मध्ये ठरवलं की शक्यतो ज्याला संशयित कोण हे माहीतच नाही अशाच अधिकाऱ्याने परेड घ्यायची. म्हणजे भुवई हलायचा प्रश्नच नाही.

पोहेजलेबी, आईंचं जे झालंय ना त्यात त्यांची काही चूक नाही हे आधी समजून घ्या. आपल्याला वाटतं की स्मरणशक्ती म्हणजे मोबाइलमधला व्हिडिओ, पाहिजे तेव्हा प्ले केला. पण ती फोडणीसारखी आहे हो, दर वेळी नवी करतो आपण आणि त्यात त्या दिवशी हाताशी जे असेल ते पडतं. तीळ फोटोतून उचलला गेला आणि पहाटेच्या आठवणीत जाऊन बसला. आता आईंच्या डोक्यात दोन वेगळे चेहरे नाहीत, एकच आहे, आणि तो मोबाइलमधला आहे.

एलिझाबेथ लॉफ्टस म्हणून बाई आहेत, त्यांनी आणि पामरने १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना गाड्यांच्या टकरीच्या फिल्म दाखवल्या. मग काहींना विचारलं गाड्या एकमेकींना "लागल्या" तेव्हा वेग किती होता, काहींना विचारलं "आदळून चक्काचूर झाल्या" तेव्हा किती होता. फक्त क्रियापद बदललं तर दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. एवढंच नाही, आठवड्याने विचारलं की काच फुटलेली दिसली का, तर चक्काचूरवाल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, लागल्यावाल्यांत ५० पैकी ७. काच फुटलेलीच नव्हती!

आणि "बहुत बढ़िया माताजी", हे तर मी वर्गात उदाहरण म्हणून वापरणार आहे. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांचा १९९८ चा प्रयोग आहे. लोकांना सीसीटीव्हीसारखा व्हिडिओ दाखवला, मग फोटो दाखवून गुन्हेगार ओळखा म्हटलं, आणि गंमत म्हणजे त्या फोटोंमध्ये खरा माणूस नव्हताच. सगळ्यांनी कोणालातरी निवडलं, सगळे चुकले. मग काहींना नुसतं म्हटलं, शाब्बास, बरोबर ओळखलंत. तर ते लोक नंतर सांगायला लागले की आम्हाला आधीपासूनच खात्री होती, आम्ही चेहरा नीट बघितला होता, आमचं लक्ष होतं. एका शाब्बासकीने मागची आठवणसुद्धा उजळली. म्हणजे कोर्टात साक्षीदार छाती ठोकून बोलतो तेव्हा ती खात्री पहिल्या दिवशीची आहे की मधल्या चहापाण्याची, हे ऐकणाऱ्याला कळायचं कसं?

सराफावाला:
मॅडम हे प्रयोगबियोग कॉलेजात ठीक आहेत. पोरांना फिल्म दाखवणं वेगळं आणि गळ्यातलं मंगळसूत्र ओढलं जाणं वेगळं. ज्याच्यावर गुजरली त्याला विसर पडत नाही. आणि अमेरिकेचं अमेरिकेत.

अदितीएस:
दादा, बरोबर शंका आहे तुमची, म्हणून प्रयोग बाजूला ठेवते आणि जिच्यावर गुजरली तिचंच सांगते. जेनिफर थॉम्पसन, नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्लिंग्टन गावची कॉलेजातली मुलगी, २२ वर्षांची. १९८४ च्या जुलैत घरात घुसून एकाने बलात्कार केला. त्या अवस्थेतसुद्धा तिने ठरवून त्याचा चेहरा पाठ केला, की वाचले तर ह्याला जेलमध्ये घालेन. चार सेकंद नाही, बराच वेळ. मग पोलिसांनी सहा फोटो ठेवले, तिने वेळ घेऊन रोनाल्ड कॉटनचा उचलला. नंतर प्रत्यक्ष रांग उभी केली, त्यात परत कॉटनला ओळखलं, आणि लक्षात घ्या की फोटोंत आणि रांगेत दोन्हीकडे होता असा तो एकटाच. पोलीस म्हणाले, हाच तू फोटोतही निवडला होतास. झालं. कोर्टात तिला तिळमात्र शंका नव्हती.

१९८५ मध्ये त्याला शिक्षा झाली. पुढे १९८७ ला दुसऱ्यांदा खटला उभा राहिला तेव्हा बॉबी पूल नावाचा कैदी, जो जेलमध्ये इतरांना सांगत फिरायचा की ते काम माझं होतं, त्याला तिच्यासमोर कोर्टात आणलं. ती म्हणाली, ह्याला मी आयुष्यात कधी बघितलं नाही. आणि १९९५ मध्ये डीएनए तपासलं तर पूलच निघाला. कॉटन साडेदहा वर्षं आत. नंतर त्या दोघांची भेट झाली, तिने माफी मागितली, त्याने केली, दोघं मिळून या विषयावर भाषणं द्यायला लागले. पण मला त्यातली सगळ्यात हलवणारी गोष्ट वेगळीच वाटते. तिने लिहिलंय की सत्य कळल्यावरसुद्धा कित्येक वर्षं वाईट स्वप्नात तिला चेहरा कॉटनचाच दिसायचा. पूलचा नाही. खरा चेहरा पुसला गेला होता.

वकीलीणबाई:
अदिती, हे मी माझ्या ज्युनिअरना वाचायला देणार.

मामेबहीण_ग्वाल्हेर:
मी कधी लिहीत नाही, नुसती वाचते, पण आज राहवलं नाही म्हणून लिहितेय. आम्ही मूळ ग्वाल्हेरचे, लग्न होऊन इंदूरला आले. माझ्या मामेभावाबरोबर हे झालंय. गाव थाना काही सांगत नाही. तो तेव्हा २४ चा, एका गोडाऊनमध्ये हिशोब लिहायचा. त्या भागात एका बाईची पर्स चाकू दाखवून लुटली, आणि दोन दिवसांनी संध्याकाळी पोलिसांनी चौकात उभ्या पोरांना उचललं त्यात हा पण, हा घाबरून पळाला तर नाल्यात पडला आणि हात मोडला. उजव्या हाताला प्लास्टर. मग शिनाख्त. काका तुम्ही म्हणता ना चिकटपट्ट्या लावतात, लावल्या होत्या हो, सगळ्यांच्या गालावर लावल्या होत्या कारण ह्याच्या गालावर खरचटलं होतं. अगदी कायद्याने. पण दहा जणांत प्लास्टर एकट्याच्या हाताला! आणि त्या बाईंना थान्यातच कोणीतरी सांगितलं होतं की जो पळताना पडला तोच आहे. त्या आल्या, सरळ ह्याच्या डोक्यावर हात ठेवला. दहा सेकंद पण नाही लागले म्हणे.

५ महिने जामीन नाही मिळाला. मामाने स्कूटर विकली, मग मामीच्या पाटल्या. ४ वर्षं पेश्या. सुटला शेवटी कारण लुटीच्या वेळी तो गोडाऊनमध्ये ट्रक उतरवून घेत होता आणि त्या चलनावर त्याची सही आणि वेळ होती, ते चलन मालकाने जपून ठेवलं म्हणून. नसतं ठेवलं तर? त्या बाईंचा राग येत नाही मला. त्या कोर्टात रडल्या होत्या, खऱ्याच रडल्या. पण भाऊ आता कोणी जोरात हाक मारली की जागच्या जागी उभा राहतो. पळत नाही. लग्नात बँडवाल्याने आवाज दिला तरी उभा राहिला.

सराफावाला:
ताई, वाईट वाटलं वाचून. मी वरती जे लिहिलं ते जरा उतावळेपणाने लिहिलं.

तरी एक विचारतो, भांडायला नाही. एक बाई चुकू शकते मान्य. पण चार-पाच जणांनी वेगवेगळं येऊन एकालाच ओळखलं तर तो तोच असणार ना?

वाचनालयातले_काका:
सराफावाले, तुमचा प्रश्न लंडनच्या जजांना १८९६ मध्येच पडला होता आणि त्यांनी तुमच्यासारखंच उत्तर काढलं. अडॉल्फ बेक नावाचा नॉर्वेचा माणूस. कोणीतरी स्वतःला लॉर्ड म्हणवून बायकांना गोड बोलून त्यांच्या अंगठ्या, घड्याळं लांबवत होता. एका बाईने बेकला भर रस्त्यात धरलं, हाच तो. मग एक एक करत दहाच्या वर बायकांनी ओळखलं. वर एक पोलीस शपथेवर म्हणाला की १८७७ मध्ये हाच गुन्हा करून जॉन स्मिथ नावाने शिक्षा भोगलेला माणूस तो हाच. बेक ओरडून सांगतोय की बाबांनो मी तेव्हा दक्षिण अमेरिकेत पेरूमध्ये होतो. कोण ऐकतो. सात वर्षं शिक्षा. आत गेल्यावर काही वर्षांनी उघड झालं की स्मिथच्या जेल रेकॉर्डमध्ये सुंता झालेली नोंद आहे आणि बेकची झालेली नाही. एवढं असूनही सोडला नाही, नुसता त्याचा कैदी नंबर बदलला! १९०१ ला बाहेर आला, १९०४ ला परत त्याच भानगडीत परत बायकांनी ओळखला, परत दोषी. आणि हा आत असतानाच खरा माणूस तिसरीकडे अंगठ्या गहाण टाकताना सापडला. बेकला माफी आणि ५,००० पौंड दिले. इंग्लंडमध्ये १९०७ च्या कायद्याने फौजदारी अपिलाचं कोर्ट आलं त्याला हे प्रकरण मोठं कारण. दहा बायका चुकल्या, आणि गंमत बघा, एकही खोटं बोलत नव्हती.

सॉरी लांबलं. रिटायर माणसाला विषय मिळाला की असं होतं.

अदितीएस:
काकांनी माझं काम केलं. नव्या काळातलं पाहिजे तर मेरीलँडचा कर्क ब्लड्सवर्थ, पाच साक्षीदार, १९८५ ला फाशीची शिक्षा, १९९३ ला डीएनएने निर्दोष. अमेरिकेत फाशीची शिक्षा होऊन डीएनएमुळे सुटलेला तो पहिला. तिकडे इनोसेन्स प्रोजेक्ट म्हणून चुकीने शिक्षा झालेल्यांसाठी लढणारी संस्था आहे, त्यांनी अशा डीएनएने सुटलेल्या ३७५ केसेसचा हिशोब मांडलाय, त्यात साधारण ६९ टक्क्यांत डोळ्यांनी बघणाऱ्याने चुकीचा माणूस ओळखला होता. पाच जण वेगवेगळे असले तरी सगळ्यांनी टीव्हीवर एकच फोटो बघितला असेल तर ते पाच नाहीत, एकच आहेत.

वकीलीणबाई:
आणि आपल्याकडे चेन स्नॅचिंगमध्ये डीएनए कुठून आणणार. तिथे सगळा भार आईंसारख्यांच्या चार सेकंदांवर.

एक सांगायचं राहिलं पोहेजलेबी. परेड म्हणजे शेवट नाही. परेड हा मूळ पुरावाच नाही, कोर्टात साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून ओळखणं हा खरा पुरावा, परेड त्याला नुसता टेकू. सुप्रीम कोर्टाने आपल्याच मध्य प्रदेशातल्या मलखानसिंगच्या केसमध्ये २००३ ला हे स्पष्ट लिहिलंय. पण कोर्टातली ओळख कशी असते माहितीये? आरोपी ओळखायला डोकं लागत नाही, पोलिसाच्या शेजारी जो उभा तो. म्हणून शनिवारी आई जे बोलतील ते महत्त्वाचं, कारण दोन वर्षांनी पिंजऱ्यात त्या तेच रिपीट करणार आणि तोपर्यंत तिळाला दाढी फुटलेली असेल.

तर एवढं करा. आईंना काही शिकवू नका, तुम्ही पण नाही. "तो निर्दोष आहे" असं तर अजिबात बोलू नका, ते तुम्हाला कुठे माहितीये? फक्त दोन गोष्टी सांगा. रांगेत तो असेलच असं नाही, नसला तरी चालतं, कोणावर हात ठेवलाच पाहिजे असं नाही. आणि मॅजिस्ट्रेटसमोर स्वतःहून सांगायचं की मला आधी मोबाइलवर एकच फोटो दाखवला होता, अमुक तारखेला, घरी. ते मेमोत लिहायला लावायचं. सही वाचून करायची.

आणि बाबांना म्हणावं "पोलिसांनी धरलाय म्हणजे असेलच" असं वाटत असेल तर २०२२ चा आपल्या हायकोर्टाचा निकाल वाचा. भोपाळला डॉक्टरी शिकणारा मुलगा, २००८ च्या खुनात आत गेला, २००९ ला जन्मठेप, आणि १३ वर्षांनी हायकोर्ट म्हणालं की ह्याला गोवलंय, ४२ लाख द्या. ती केस ओळखीच्या घोळाची नव्हती, पण १३ वर्षं ती १३ वर्षंच.

पोहेजलेबी:
अपडेट देतो, बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून.

शुक्रवारी रात्री जेवताना मी आईला ताईंनी सांगितलेल्या दोनच गोष्टी सांगितल्या. तिला आधी राग आला, "म्हणजे मी खोटारडी?" म्हणाली, पान तसंच सोडून उठली. मग साडेदहाला माझ्या खोलीत आली आणि विचारलं, "रिपोर्टात मी तीळ सांगितला नव्हता का रे खरंच?" मी रिपोर्टची कॉपी दाखवली. तिने दोनदा वाचली. मग कॉटवर बसून डोळे मिटले आणि म्हणाली, "मला आता ती गल्ली आठवतच नाही. डोळे मिटले की मोबाइलच दिसतो."

शनिवारी आधी मालाची शिनाख्त झाली. मला हे माहीत नव्हतं की दागिन्यांची पण परेड होते. टेबलावर पाच मंगळसूत्रं मांडलेली, त्यात एक जप्तीतलं. आईने जवळसुद्धा नाही घेतलं, वरूनच बघून म्हणाली ह्यात माझं नाहीये. मॅजिस्ट्रेट साहेब म्हणाले माताजी ठीक से देखो. तर ती म्हणाली साहेब, ३८ वर्षं गळ्यात होतं, एका वाटीवर ह्या माझ्या मुलाच्या दाताचे दोन खड्डे आहेत, सात महिन्यांचा होता तेव्हा चावला होता, ते ह्यात कुठेच नाहीत. मला ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा कळली.

मग माणसांची. मी बाहेर होतो, तिने नंतर गाडीत सांगितलं. दहा जण होते, सगळ्यांच्या डोळ्याखाली कागदाची पट्टी. ती एकदा चालत गेली, परत आली, परत गेली. म्हणे दोघं-तिघं सारखेच वाटले, आणि एक पोरगा तिच्याकडे बघतच नव्हता, पायाकडे बघत होता, त्याचे पाय थरथरत होते, तर तिला वाटलं हाच असेल, आणि मग वाटलं की थंडी पण आहेच ना. हात नाही ठेवला कोणावर. फोटोचं सांगितलं. साहेबांनी जरा वेळ पेन तसंच धरून ठेवलं म्हणे, मग लिहिलं.

थान्याचे लोक माझ्याशी बोलले नाहीत नंतर. बाबा पण दिवसभर नाही बोलले, रात्री मात्र म्हणाले की उद्यापासून मी पण येतो तुझ्याबरोबर फिरायला.

निवृत्तनायब:
लिहिलं ना मेमोत? "फोटो दाखवला होता" हे शब्द तसेच्या तसे आहेत का ते महत्त्वाचं. काही जण "साक्षीदार ओळखू शकली नाही" एवढंच लिहून मोकळे होतात.

पोहेजलेबी:
हो काका, लिहिलंय. आईने चष्मा पुसून पूर्ण वाचलं, तारीख चुकली होती ती दुरुस्त करायला लावली, मगच सही केली.